आधी व्होल्ट, मग अँपिअर : फिरत्या घरासाठी सौर चार्ज कंट्रोलर निवडताना

उत्तर अमेरिकेत ‘आरव्ही’ या नावाने ओळखले जाणारे वाहन म्हणजे ओटा, बिछाने, न्हाणीघर, शौचालय आणि पाण्याची टाकी अशी सारी सोय असलेले फिरते घर असते; त्याचे काही प्रकार स्वतःच्या इंजिनावर धावतात, तर काही पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून न्यावे लागतात. पैसे भरून उतरण्याच्या तळांवर अशा वाहनांसाठी १२० व्होल्ट विजेची, ३० किंवा ५० अँपिअरची जोडणी उपलब्ध असते आणि तिला वायर जोडली की घरातल्यासारखे सगळे चालते. परंतु पश्चिमेकडील राज्यांत संघराज्य सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाकडे अफाट मोकळी जमीन आहे, तिच्यावर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या मुदतीत १४ दिवसांपर्यंत विनाशुल्क मुक्काम करता येतो, आणि तेथे विजेची जोडणीही नसते नि नळही नसतो. अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाजवळ तर याच विभागाने हिवाळी पाहुण्यांसाठी दीर्घ मुक्कामाची जागा राखून ठेवली असून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना घेऊन तेथे महिनोन्महिने राहता येते. जनरेटरने वीज मिळते हे खरे. मात्र त्याचा आवाज शेजाऱ्यांना नकोसा होतो, इंधन संपत राहते, आणि अनेक तळांवर तो चालवण्याचे तासही ठरवून दिलेले असतात. त्यामुळे छतावर सौर पॅनेल आणि आत बॅटरी ही जोडी आता अशा वाहनांत सर्रास दिसते.

या जोडीच्या मधोमध एक लहानशी पेटी बसवावी लागते, तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात. पॅनेल किती वॉटचे आणि बॅटरी किती अँपिअर-तासांची याचा खल लोक दिवसचे दिवस करतात, आणि कंट्रोलर मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, पेटीवर ठळक छापलेला अँपिअरचा आकडा पाहून घेतला जातो. प्रत्यक्षात कंट्रोलर निकामी होतो तो बहुधा अँपिअरमुळे नव्हे, तर व्होल्टमुळे. आणि निवडीचा अर्ध्याहून अधिक प्रश्न कोणत्या कंपनीची पेटी घ्यावी हा नसून पॅनेले एकमेकांना कशी जोडली आहेत आणि बॅटरी कोणत्या जातीची आहे हा असतो.

कंट्रोलरची गरज मुळात का पडते, हे पाहण्यासाठी पॅनेलच्या मागे चिकटवलेली पट्टी वाचावी. बाजारात ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या १०० वॉटच्या पॅनेलमध्ये सिलिकॉनचे साधारण ३६ घट एकामागे एक जोडलेले असतात. अशा पॅनेलला काहीही जोडलेले नसताना त्याच्या दोन टोकांमध्ये सुमारे २२ व्होल्टचा दाब असतो, त्याला मुक्त व्होल्टेज म्हणू. आणि पॅनेल सर्वाधिक शक्ती देत असते तेव्हा हा दाब १८ व्होल्टच्या आसपास आणि प्रवाह साडेपाच अँपिअरच्या आसपास असतो. याउलट १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी भरताना तिच्यावर साधारण १४.४ व्होल्टपर्यंतच दाब चालतो. त्यापुढे दीर्घकाळ दाब राहिला तर पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतो, आम्लाची पातळी खाली जाते आणि पाट्या खराब होतात. म्हणजे पॅनेल थेट बॅटरीला जोडून दिले तर काही दिवसांतच बॅटरी शिजून निघेल, आणि रात्री पॅनेलमधून थोडा प्रवाह उलटाही वाहील. कंट्रोलर या दोन्ही गोष्टी रोखतो, आणि चार्जिंग टप्प्याटप्प्याने करतो : आधी मिळेल तेवढा प्रवाह आत सोडायचा, दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तो तेथेच धरून प्रवाह हळूहळू कमी होऊ द्यायचा, आणि बॅटरी भरली की दाब साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरवून ती नुसती भरलेली ठेवायची.

हे काम करणारे कंट्रोलर दोन प्रकारचे असतात. पहिला, स्वस्त आणि साधा प्रकार पीडब्ल्यूएम या नावाने ओळखला जातो. त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करतो आणि स्विच चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करून बॅटरीत जाणारा सरासरी प्रवाह आवरला जातो. स्विच चालू असतो त्या क्षणी पॅनेल आणि बॅटरी थेट जोडलेली असल्यामुळे पॅनेलचा दाब बॅटरीच्या दाबापर्यंत खाली ओढला जातो, आणि १८ व १३ यांच्यामधले पाच व्होल्ट कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या प्रकाराला एमपीपीटी म्हणतात, आणि कमाल शक्तिबिंदूचा माग काढणे हे त्याचे काम. त्यात वेटोळे आणि स्विच यांच्या साहाय्याने जास्त दाबाची, कमी प्रवाहाची वीज घेऊन कमी दाबाची, जास्त प्रवाहाची वीज तयार केली जाते. चढावर सायकलस्वार गिअर बदलतो तेव्हा पायांची शक्ती तीच राहून वेग आणि जोर यांचे प्रमाण बदलते, तसाच हा व्यवहार आहे. ऊन, ढग आणि तापमान यांच्याप्रमाणे पॅनेलचा कमाल शक्तीचा बिंदू सतत सरकत असतो, म्हणून कंट्रोलर दाब थोडासा वरखाली करून पाहतो, शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो आणि घटली तर मागे वळतो. या रूपांतरात चार-पाच टक्के वीज उष्णतेच्या रूपाने जाते, बाकीची बॅटरीत पोहोचते.

दोहोंतला फरक आकड्यांत मांडला की जाहिरातीतली अतिशयोक्ती गळून पडते. घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस असेल आणि ऊन पूर्ण असेल, तर १०० वॉटच्या पॅनेलमधून पीडब्ल्यूएम कंट्रोलर साधारण ७४ वॉट बॅटरीत पोहोचवतो आणि एमपीपीटी ९५ वॉटच्या आसपास; म्हणजे फायदा पाव भागाहून थोडा अधिक होतो. पण घटांचे २५ अंश तापमान भर उन्हात फक्त थंडीतच शक्य असते, कारण उन्हात तापलेले पॅनेल हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी सहज गरम होते. अ‍ॅरिझोनाच्या उन्हाळ्यात घट ६५ अंशांपर्यंत तापले की पॅनेलचा कमाल शक्तीचा दाब साडेपंधरा व्होल्टपर्यंत उतरतो, बॅटरीच्या दाबाशी त्याचे अंतर फारसे उरत नाही, आणि एमपीपीटीचा फायदा पाच-दहा टक्क्यांवर येतो. त्यामुळे छतावर १०० वॉटचे एकच पॅनेल, चार दिवे, पाण्याचा पंप आणि फोन एवढीच गरज, आणि सहली फक्त उन्हाळ्यातल्या, अशा कुटुंबाने एमपीपीटीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याच पैशांत दुसरे पॅनेल घेणे शहाणपणाचे ठरेल.

चित्र पालटते ते घरांच्या छपरांसाठी बनवलेली मोठी पॅनेले वापरली तर. प्रत्येक वॉटमागे ती स्वस्त पडतात, म्हणून मोठ्या आरव्हीचे मालक त्यांच्याकडे वळतात. ६० घटांच्या अशा ३०० वॉटच्या पॅनेलचा कामाचा दाब ३१-३२ व्होल्ट आणि प्रवाह साडेनऊ अँपिअरच्या आसपास असतो. ते पीडब्ल्यूएमवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले तर साडेनऊ गुणिले तेरा, म्हणजे जेमतेम सव्वाशे वॉट हाती लागतात आणि विकत घेतलेल्या पॅनेलचा निम्म्याहून अधिक भाग छतावर नुसता ओझे होऊन बसतो. येथे एमपीपीटीला पर्याय नाही.

परंतु एमपीपीटी घेतला की नवी जोखीम दारात येते, आणि हा मुद्दा सविस्तर पाहण्यासारखा आहे. या कंट्रोलरच्या नावातच बहुधा दोन आकडे असतात. ‘१००/३०’ असे लिहिले असेल तर पॅनेलच्या बाजूने जास्तीत जास्त १०० व्होल्ट आणि बॅटरीच्या बाजूने जास्तीत जास्त ३० अँपिअर असा त्याचा अर्थ. हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत, हे खरेदीच्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात येते. पॅनेलांची एकूण शक्ती थोडी जास्त झाली आणि ३० अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह देता येण्याजोगा असला, तर चांगला कंट्रोलर ३० वरच थांबतो आणि वरची शक्ती पॅनेलमध्येच राहते. नुकसान होते ते फक्त न घेतलेल्या विजेचे. व्होल्टची मर्यादा मात्र अशी सोशीक नसते. ती ओलांडली की आतले ट्रान्झिस्टर आणि धारित्र क्षणात फुटू शकतात, आणि असे नुकसान हमीत बसत नाही.

ही मर्यादा ओलांडली जाते ती दुपारी नव्हे, थंडीतल्या निरभ्र सकाळी. पॅनेलच्या पट्टीवरचे सगळे आकडे घटांचे तापमान २५ अंश आणि उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला १००० वॉट या प्रमाणित स्थितीतले असतात, आणि सिलिकॉनच्या घटाचा मुक्त व्होल्टेज तापमान एका अंशाने उतरले की साधारण ०.३ टक्क्याने वाढतो. रात्रभर गारठलेल्या पॅनेलवर सूर्याचे पहिले किरण पडतात तेव्हा प्रवाह नगण्य असतो, पण दाब मात्र थोड्याशा उजेडातही जवळजवळ पूर्ण उंचीला पोहोचतो, कारण प्रवाह प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो आणि दाब तसा वाढत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत यासाठी गुणकांचा एक तक्ताच दिलेला आहे : उणे १ ते उणे ५ अंशांसाठी १.१२, उणे ११ ते उणे १५ साठी १.१६ आणि उणे २१ ते उणे २५ साठी १.२०. आता १०० वॉटची चार पॅनेले घेऊ, प्रत्येकाचा मुक्त व्होल्टेज २२.५. चारही एकसर जोडली, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला अशी माळ केली, तर पट्टीवरच्या हिशेबाने ९० व्होल्ट होतात आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर सुरक्षित वाटतो. रॉकी पर्वतातल्या एखाद्या तळावर पारा उणे १५ ला गेला की ९० गुणिले १.१६, म्हणजे १०४ व्होल्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वर्षभर बिनतक्रार चाललेली जुळणी वायोमिंगमधल्या पहिल्याच मुक्कामात जळते ती अशी. वाहन फिरते असल्यामुळे हिशेब घराच्या गावच्या हवामानाचा नव्हे, तर ते कधीकाळी जाईल त्या सर्वांत थंड जागेचा करावा लागतो.

यावर उपाय सोपा आहे. दोन-दोन पॅनेलांच्या दोन माळा करून त्या समांतर जोडल्या की मुक्त व्होल्टेज ४५ राहतो, उणे १५ अंशांतही तो ५२ च्या आसपासच जातो, आणि तोच १०० व्होल्टचा कंट्रोलर निर्धास्त चालतो. सगळी पॅनेले समांतरच का जोडू नयेत, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. त्याचे उत्तर वायरमध्ये आहे. चार पॅनेले समांतर जोडली की छतावरून खाली येणाऱ्या वायरमधून सुमारे २२ अँपिअर वाहतात. अमेरिकी मोजमापातली १० क्रमांकाची तांब्याची वायर घेतली आणि अंतर सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर धरले, तर त्यात सुमारे ०.८६ व्होल्ट वाया जातात. चारही एकसर जोडली तर प्रवाह साडेपाच अँपिअर असल्यामुळे घट ०.२२ व्होल्टची होते, आणि तीही ७२ व्होल्टमधून. दुसऱ्या बाजूने एकसर माळेला सावली सोसत नाही. आरव्हीच्या छतावर वातानुकूलन यंत्राचा उंचवटा, झरोक्यांची झाकणे आणि अँटेना यांची गर्दी असते, आणि माळेतल्या एका पॅनेलवर पडलेली सावली साऱ्या माळेचे उत्पादन खाली ओढू शकते; पॅनेलमधले बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाहाला वाट देणारे घटक, हे नुकसान कमी करतात पण मिटवत नाहीत. चार पॅनेलांच्या छतासाठी दोन-दोनची जुळणी या दोन टोकांमधली सर्वांत समंजस तडजोड आहे.

अँपिअरचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. एमपीपीटीसाठी पॅनेलांचे एकूण वॉट बॅटरीच्या चार्जिंगच्या दाबाने भागावेत. ४०० भागिले १३ म्हणजे सुमारे ३१ येतात, आणि छतावर आडवी पडलेली पॅनेले पूर्ण ४०० वॉट क्वचितच देत असल्यामुळे ३० अँपिअरचा कंट्रोलर पुरतो. पीडब्ल्यूएमसाठी पॅनेलांच्या लघुपरिपथ प्रवाहांची, म्हणजे दोन टोके थेट जोडली असता वाहणाऱ्या प्रवाहांची, बेरीज करून ती सव्वापट धरावी. पुढे आणखी पॅनेले बसवायचा विचार असेल तर पुढच्या आकाराचा कंट्रोलर आताच घेणे परवडते.

बॅटरीची जात हा मात्र स्वतंत्र विषय आहे. अनेक आरव्हींत अजूनही शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात; काही जण गोल्फच्या गाड्यांसाठी बनवलेल्या ६ व्होल्टच्या दोन दणकट बॅटऱ्या एकसर जोडून १२ व्होल्ट मिळवतात. या बॅटऱ्यांना थंडीत थोडा जास्त आणि उष्णतेत थोडा कमी दाब लागतो, म्हणून कंट्रोलरला बॅटरीचे तापमान कळवणारा संवेदक हवा. कंट्रोलर थंडगार कपाटात आणि बॅटरी बाहेरच्या पेटीत अशी मांडणी असेल तर कंट्रोलरच्या आतला संवेदक चुकीचेच तापमान सांगतो. पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्यांना अधूनमधून १५ व्होल्टच्या वरचा समतोल साधणारा चार्जही द्यावा लागतो. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीचे सगळे नियम वेगळे आहेत. तिला १४.२ ते १४.६ व्होल्ट चालतात, समतोलाचा चार्ज तिच्यासाठी घातक असतो, तापमानानुसार दाब बदलायचा नसतो, आणि शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचे नसते, कारण त्या थंडीत लिथियमचे आयन ऋणाग्राच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या थराच्या रूपाने साचतात आणि ही हानी भरून निघत नाही. चांगल्या लिथियम बॅटरीतली व्यवस्थापन यंत्रणा असे चार्जिंग स्वतःच तोडते. तरीही कंट्रोलरमध्ये कमी तापमानाला चार्जिंग थांबवण्याची सोय असणे, आणि दाबाचे आकडे हाताने बदलता येणे, या दोन गोष्टी लिथियमवाल्यांनी पक्क्या करून घ्याव्यात. नुसते ‘लिथियम’ असे नाव दिलेला पर्याय पुरेसा नसतो, कारण लिथियमच्या नावाखाली वेगवेगळ्या दाबांच्या अनेक रसायनांच्या बॅटऱ्या येतात.

कंट्रोलर कितीही चांगला असला तरी नसलेले ऊन तो आणू शकत नाही, हेही येथे सांगायला हवे. क्वार्ट्झसाइट सुमारे ३३.७ अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या आसपास तेथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ३३ अंशांच्याच उंचीवर असतो, त्यामुळे छतावर सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा जेमतेम निम्मा भाग मिळतो. त्या काळात दिवसभराचे ऊन पूर्ण तीव्रतेच्या तीन तासांएवढे धरले, आणि उष्णता, धूळ व वायरी यांसाठी पाव भाग वजा केला, तर ४०० वॉटच्या पॅनेलांतून सुमारे ९०० वॉट-तास मिळतात. १२ व्होल्टचा फ्रिज, दिवे, पंप आणि रात्री तापकाचा पंखा मिळून दिवसाला १०० अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १३०० वॉट-तास जात असतील, तर तूट उघड आहे. एका बाजूने उचलता येतील अशा चौकटींवर पॅनेले बसवून ती दक्षिणेकडे कलती करणे, हा या तुटीवर महागड्या कंट्रोलरपेक्षा कितीतरी परिणामकारक उपाय आहे.

बाजारात आणखी एक फसवणूक आढळते : ‘एमपीपीटी’ ही अक्षरे छापलेली, आतून मात्र साधी पीडब्ल्यूएम असलेली हलकी पेटी. खऱ्या एमपीपीटीत तांब्याचे जाड वेटोळे आणि उष्णता टाकण्यासाठी धातूचे पंखे असावे लागतात, त्यामुळे त्याला वजन असते. पॅनेलच्या बाजूचा अँपिअर आणि बॅटरीच्या बाजूचा अँपिअर यांची तुलना ही शेवटची कसोटी होय. बॅटरी रिकामी आणि ऊन चांगले असताना बॅटरीकडचा प्रवाह पॅनेलकडच्या प्रवाहापेक्षा स्पष्टपणे जास्त दिसला नाही, तर तो कंट्रोलर नावापुरताच एमपीपीटी आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशी वाहने आपल्याकडेही चर्चेत आली आहेत, आणि अमेरिकेतल्या जुळण्या जशाच्या तशा उचलण्याचा मोह होणे साहजिक आहे. परंतु येथे प्रश्न उलटा असतो. महाराष्ट्रात पारा गोठणबिंदूच्या खाली जवळजवळ कधीच जात नाही, म्हणून व्होल्टेजचा गुणक १.१० धरला तरी भागते. उलट विदर्भातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद वाहनाच्या कपाटात तो त्याहूनही चढतो, तर अनेक कंट्रोलर ४० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात आणि पुढे स्वतःला वाचवण्यासाठी प्रवाह कमी करतात. त्यामुळे येथे कंट्रोलर अँपिअरमध्ये एक पायरी मोठा आणि हवा खेळणाऱ्या जागी असावा. तीच गाडी घेऊन लडाखला जायचे असेल तर मात्र रॉकी पर्वताचाच हिशेब लागू होतो. मोठ्या बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीची मूळ विद्युतव्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, हेही कंट्रोलर मागवण्यापूर्वी तपासून घ्यावे.

बसवताना कंट्रोलर बॅटरीजवळ, पण पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटरीच्या पेटीच्या बाहेर ठेवावा, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या टोकाशेजारीच घालावा, आणि इन्व्हर्टर कधीही कंट्रोलरवरच्या उपकरण-जोडणीला न जोडता थेट बॅटरीला जोडावा, कारण त्याला लागणारा प्रवाह ती जोडणी पेलू शकत नाही. बॅटरीचा दाब पाहूनच अनेक कंट्रोलर १२ व्होल्टची व्यवस्था आहे की २४ ची हे ठरवतात. म्हणून जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, तर सोडवताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, हा क्रम कधीही मोडू नये.